पळणाऱ्या पोरीला ऊन कसं लागलं?

(सामुदायिक रेडिओवर सकाळच्या आरोग्य कार्यक्रमात दिलेलं भाषण, थोडं आवरून)

भाकरी थापत असाल तर थापता थापताच ऐका. आजचा विषय उन्हाचा आहे. महाशिवरात्र तोंडावर आली, थंडी पाय काढायला लागली, म्हणून आत्ताच बोलते. चैत्र लागल्यावर बोलून फारसा उपयोग नसतो. का, ते पुढं कळेल.

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या गावातल्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला. एक बाई मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सारखं सांगता, चाला, व्यायाम करा, अंग हलकं ठेवा. माझी लेक रोज पळते. तिला ऊन लागलं. मी जन्मात कधी पळाले नाही, मला काही झालं नाही. मग त्या व्यायामाचा उपयोग काय?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते, तरी तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. आज ते सावकाश देते. मायलेकींना विचारूनच सांगते आहे, नावं घेत नाही.

पोरगी पुण्यात खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे पाचला मैदानावर. मुलींना भरतीत आठशे मीटर पळावं लागतं, ही तीन मिनिटांच्या आत पळायची. उरलेला दिवस अभ्यासिकेत, पंख्याखाली. रामनवमीला घरी आली. दुसऱ्याच दिवशी उन्हाळी कांद्याची काढणी होती. एकरी उक्तं काम, दहा बायांची टोळी, त्यातली एक आजारी पडलेली. पोरगी म्हणाली, मी येते, मला काय होतंय. सकाळी आठला वावरात उतरली. बारा वाजता पारा एक्केचाळीसला. आई सांगते, सगळ्यांच्या पुढं तिची पात होती. साडेबाराला ती काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. आईला वाटलं, चेष्टा करते. मग ती वाफ्यातच बसली आणि आडवी झाली.

आपल्याकडं म्हणतात ना, कांदा जवळ ठेवला की ऊन लागत नाही. ती तर कांद्याच्या ढिगाशेजारीच पडली होती.

आता तिच्या आईच्या प्रश्नाकडं येऊ. त्यासाठी आधी अंगातली उष्णता कुठून येते ते बघू. आपल्याला वाटतं, ऊन बाहेरून लागतं. ते खरंच आहे, पण निम्मंच. राबणारं अंग ही एक चूलच असते. खाल्लेल्या भाकरीतून जी ताकद मिळते, तिच्या चार-पाच वाट्यांतला एकच वाटा कांदा उपटायला, हंडा उचलायला खर्च होतो. बाकी सगळ्याची उष्णता होते. थंडीत तीच आपल्याला ऊब देते. उन्हाळ्यात ती बाहेर टाकावी लागते. आणि बाहेरची हवा पस्तीस-छत्तीसच्या वर गेली की हवाच उलट आपल्याला तापवायला लागते. मग अंगाकडं एकच वाट उरते, ती म्हणजे घाम.

घाम कसा गार करतो हे तुम्हाला मी काय सांगणार? घरात माठ आहे. माठातून पाणी झिरपतं, ते हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. अंगाचंही तसंच. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सात-आठ लिटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी तो अंगातून काढून नेतो. पण तो वाळला पाहिजे. टपटप खाली गळून गेला, तर पाणीही गेलं आणि गारवाही नाही. म्हणूनच कोकणातल्या दमट हवेत छत्तीस अंश आपल्याकडच्या कोरड्या चाळीसपेक्षा जास्त छळतात. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात डझनभराहून जास्त माणसं उष्माघातानं दगावली. तिथं पारा अडतीसच्या आसपास होता. ती माणसं पळत नव्हती, कांदे काढत नव्हती. उघड्यावर बसून होती. नुसता पारा बघून ऊन किती लागेल ते ठरवता येत नाही.

घाम यायचा तर कातडीपर्यंत रक्त पोचायला हवं. इथं काळजाचं, म्हणजे हृदयाचं काम येतं. आपण निवांत बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. फार उकाडा झाला की एकट्या कातडीलाच सहा-सात लिटर लागू शकतं. त्यात आपण काम करत असलो की हातापायांचे स्नायूही रक्त मागतात. गावात टाकी एक, आणि वरची आळी, खालची आळी दोघीही एकाच वेळी नळ सोडा म्हणतात, तशी गत. टाकी मोठी आणि मोटर दमदार असेल तर दोन्हीकडं पाणी जातं. टाकी अर्धी आणि मोटर जुनी असेल तर कुठंतरी कमी पडणार. डोक्याला कमी पडलं की घेरी येते. कातडीला कमी पडलं की आतली उष्णता आतच साठते.

व्यायामानं नेमकी ही टाकी आणि मोटर सुधारते. रोज दम लागेल असं चालणाऱ्या, पळणाऱ्या, पोहणाऱ्या, सायकल मारणाऱ्या माणसाच्या अंगात रक्तातलं पाणी वाढतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्यामुळं त्याला धावपळ करावी लागत नाही. घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. वय झालं की घामाची यंत्रं आळसावतात, पण हालचाल ठेवणाऱ्या म्हातारीत ती कमी आळसावतात. आणि अशा माणसाला उन्हाची सवयही लवकर होते.

हे अंदाजानं सांगत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यात पॅरिस आयलंड नावाचं सैन्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. फार उकाड्याची आणि दमट जागा. तिथं भरती झालेल्या हजारो तरुण पोरांची नोंद ठेवली आणि १९९६ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांचं वजन उंचीच्या मानानं जास्त होतं आणि ज्यांना दीड मैल पळायला बारा मिनिटांहून जास्त वेळ लागायचा, त्यांना ऊन बाधण्याचा धोका सडपातळ आणि चपळ पोरांच्या आठपट निघाला. तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं, की हो, अंग तयार असण्याचा उन्हात उपयोग होतो, आणि चांगला होतो.

मग तिची लेक का पडली?

अंगाला उन्हाची सवय होणं ही व्यायामापेक्षा निराळी गोष्ट आहे, म्हणून. दोघी जावा म्हणा. एकमेकींना मदत करतात, पण एकीचं काम दुसरीच्या नावावर लागत नाही. ऊन वाढायला लागलं आणि आपण रोज त्यात थोडं थोडं काम केलं की अंगात बदल होतात. पहिल्या चार-सहा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं आणि छातीची धडधड कमी होते. मग घाम लवकर यायला लागतो. सगळं नीट जमायला दहा ते चौदा दिवस लागतात. आणखी एक गंमत बघा. होळीच्या सुमाराला ब्लाऊजवर पाठीला मिठाचे पांढरे डाग जास्त पडतात. पुढं घाम जास्त येतो, पण त्यात मीठ कमी असतं. अंग मीठ राखायला शिकतं. जुना झालेला माठ बुजतो आणि झिरपायचा थांबतो. अंगाचं उलट आहे, ते रोजच्या वापरानं चांगलं झिरपायला लागतं.

पण ही सवय टिकाऊ नाही. दोन-तीन आठवडे उन्हात गेलं नाही की ती बरीचशी निघून जाते. त्या पोरीला ती नव्हतीच. ती पळायची पहाटेच्या गारव्यात. तिचं हृदय दणकट होतं, पण उन्हाची तालीम शून्य. शिवाय तिच्यापाशी एक धोकादायक गोष्ट होती, दम. जास्त जोर लावता येतो म्हणजे चूलही जास्त पेटते. कमजोर बाई अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसते आणि तिथंच वाचते. दमदार पोरगी थांबत नाही. ती सगळ्यांच्या पुढं असते. सैन्यातले जवान, मॅरेथॉन पळणारे, असे उत्तम तयारीचे लोक उष्माघातानं पडतात ते अशानंच. नंतर बोलता बोलता कळलं, आदल्या रात्री तिला दोनदा जुलाब झाले होते आणि सकाळी ती नुसता चहा पिऊन निघाली होती. म्हणजे टाकीही अर्धीच. अंगातलं पाणी कमी पडलं की व्यायामाचा फायदा जातो आणि सवयीचाही जातो. हे वाक्य गटाच्या वहीत लिहून ठेवलंत तरी चालेल.

सवयीची ही गोष्ट डॉक्टरांना कुठं कळली, तर खाणींमध्ये. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणी इतक्या खोल आहेत, की खाली दगडच तापलेला असतो आणि हवा ओलीगच्च. साधारण शंभर वर्षांपूर्वी तिथं खेड्यापाड्यांतून आलेले धडधाकट तरुण उष्माघातानं मरायला लागले. हळूहळू ध्यानात आलं, की नवीन आलेल्याला एकदम पूर्ण कामाला लावायचं नाही. पुढं खाणवाल्यांनी गरम, दमट खोल्या बांधल्या. नव्या माणसांना तिथं काही दिवस ठरावीक चालीवर पायरी चढ, पायरी उतर करायला लावायचे आणि मगच खाली सोडायचे. हे त्यांनी दयेपोटी केलं असं मला वाटत नाही. सोनं थांबायला नको होतं. पण धडा आपल्या कामाचा आहे.

कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली सरकारी संस्था आजही हिशेब सांगते तो असा. उन्हातल्या कामावर अगदी नव्या माणसानं पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम करावं, मग रोज पाचवा हिस्सा वाढवत पाचव्या दिवशी पुरं. कामाची जुनी सवय आहे पण मध्ये खंड पडला असेल, तर पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी दहातले सहा वाटे, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्या दिवशी पूर्ण. त्यांच्याकडं उन्हात कामावर दगावणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त कामाच्या पहिल्या काही दिवसांतच दगावतात.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, पाचवा हिस्सा काम केल्यावर मजुरी कोण देणार? बरोबर आहे. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना आपली उक्ती कामं ठाऊक नाहीत. पण टोळी आपलीच असेल तर आतल्या आत वाटणी करता येते. नवी आलेली, बाळंतपणानंतर पहिल्यांदा उतरलेली, तापातून उठलेली, माहेरी महिनाभर राहून आलेली, अशीनं पहिले तीन-चार दिवस उपटायला जायचं नाही. सावलीत बसून कांद्याची पात कापायची, पाणी आणायचं. आपण सावड करत आलोच आहोत की. आज तिचं, उद्या माझं.

आता त्या आईकडं वळते. तिचा प्रश्न मला जास्त टोचला, कारण तिला वाटत होतं की आपण फिट आहोत. तसं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पहाटे पाचला उठतो, पाणी भरतो, वावरात जातो, रात्री दहाला पाठ टेकतो, आणखी काय व्यायाम करायचा? मी राबणाऱ्या बाईला आळशी म्हणायला आले नाही. डोक्यावर भरला हंडा घेऊन चढ चढते ती चांगलाच व्यायाम करते. पण दिवसभर वाकून खुरपणी केली तर कंबर मोडते, हृदयाला मात्र फार चढा जोर लागत नाही. आणि व्यायामानं अंग सुधारायचं तर त्यानंतर पोटभर अन्न आणि झोप लागते. पत्र्याच्या घरात रात्री बारापर्यंत भट्टी, पहाटे परत पाण्याची पाळी, शेवटी उरलेली अर्धी भाकर. अशानं अंग तयार होत नाही, झिजतं.

मी तिला तपासणीला घेऊन गेले. हिमोग्लोबिन आठच्या जरासं वर. बाईचं बारा असायला हवं, गरोदर असेल तर किमान अकरा. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत आलेलं आहे. रक्त कमी म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या गाड्या कमी. तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त खेपा घालाव्या लागतात. वर उन्हात कातडीची मागणी. ती बाई पडली नाही ती फिट होती म्हणून नव्हे. ती सवयीची होती. पाडव्याच्या आधीपासून ती रोज वावरात होती. डोक्यावर ओला टॉवेल होता. ती सावकाश हात चालवत होती आणि मध्येमध्ये तंबाखूची मिश्री लावायला म्हणून सावलीत जात होती. मिश्रीचं कौतुक करत नाही हं मी, पण त्या दिवशी सावली तिला त्या निमित्तानं मिळाली. पारा आणखी चार अंश चढला असता, किंवा मुकादम डोक्यावर उभा असता, तर तीही पडली असती.

नुसती ताकद किती पुरते ते बघायचं तर ऊसतोड बघा. आपल्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या पुढंमागं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या जातात. ऊस तोडणं, मोळी बांधणं, डोक्यावर घेऊन गाडीत चढवणं, याहून भारी काम कमीच. तिकडं मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोर हे देश आहेत. तिथंही ऊस आहे, तिथंही कोयता आहे. तिथले तरणेताठे तोडकरी किडनी निकामी होऊन मरायला लागले. ना साखरेचा आजार, ना रक्तदाब. रोज घामानं चिंब होऊन अंग सुकवत, न थांबता काम करणं हे त्याचं मोठं कारण मानतात. ताकदीत ती माणसं तुम्हाआम्हाला भारी होती. तिथं काही ठिकाणी ठरवून पाणी, सावली आणि ठरावीक वेळेला विश्रांती द्यायला सुरुवात केली, तेव्हा किडनीला होणारी इजा कमी झाली.

आणि पाणी आपण का पीत नाही, तेही बोलूया. रेडिओवर सांगायला मला लाज वाटत नाही. आपण पाणी पीत नाही कारण लघवीला जायला आडोसा नसतो. मी स्वतः एका रस्त्याच्या कामावर तपासणीला गेले होते. चाळीस बाया, एक टँकर, आणि तोही सव्वादोनशे पावलं लांब, उन्हात उभा. पाणी चहासारखं गरम. आडोसा नाहीच. बाया सकाळी घरून निघताना प्यायलेल्या पाण्यावर दुपारपर्यंत होत्या. रोजगार हमीच्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी हवी असं लिहिलेलं आहे. मागायला जाताना एकटी जाऊ नका, गट म्हणून जा. आणि दोन बांबू, जुनी साडी घेतली की आडोसा आपला आपल्यालाही उभारता येतो. उन्हात जड काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, हे माप धरा. तहान लागायची वाट बघू नका. तासाला दीड लिटरच्या वर मात्र पिऊ नये, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. घाम फार गेला तर ताक-मीठ, लिंबू-मीठ-साखर, नाहीतर ओआरएसचं पाकीट. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं अर्धं नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

मग करायचं काय? आज माघ आहे, म्हणून वेळ आहे. व्यायामाचा फायदा अंगात उतरायला आठवडे लागतात. एप्रिलमध्ये सुरू करून एप्रिलचं ऊन झेलता येत नाही. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, अशा चालीनं चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. साडी आवळत असेल तर ड्रेस घाला. बघणारे आठवडाभर बघतील, मग त्यांनाही सवय होते. आमच्या गटातल्या सहा जणी डेअरीला दूध घालायला गाडीवर बसून जायच्या, आता किटली हातात घेऊन चालत जातात. व्यायाम तेवढाच, आणि पेट्रोलही वाचलं. ऊन तापायला लागलं की चालणं पहाटे ठेवा, पण वावरातलं काम रोज थोडं थोडं उन्हात होऊ द्या, अंगाला कळू दे.

काम थांबवून बसलात की मनगटाची नाडी बघा. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. बसल्या बसल्या ती एकशेदहाच्या वर असेल, तर पुढच्या पाळीत काम तिसऱ्या हिश्शानं कमी करा. मोबाईलमध्ये सेकंद दिसतात, पोरींना हे छान जमतं. जोडी लावून काम करा, कारण ऊन चढलेल्या बाईला आपल्याला चढलंय हे कळत नाही. ते दुसरीला दिसतं. ती भलतंच बोलते, चिडते, पाय लटपटतात. गरोदर बाई, साखर किंवा रक्तदाबाचा आजार असलेली, लघवीची म्हणजे पाणी उतरवायची गोळी चालू असलेली, छातीत दुखणारी, यांनी व्यायाम आणि उन्हातलं काम दोन्ही डॉक्टरांना विचारून. ताप किंवा जुलाब असेल त्या दिवशी वावर नाही. त्या पोरीचं तिथंच चुकलं.

ती कशी वाचली, ते सांगायचं राहिलं. टोळीतल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी बाकीच्यांना तिच्याभोवतीची गर्दी हटवायला लावली. ठिबकची मोटर चालू होती, तिला विहिरीजवळच्या लिंबाखाली नेलं, ओढणी काढली, आणि पाइपनं डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडलं. दोघी पाटीनं वारा घालत होत्या. मी पोचले तेव्हा अंग अजून तव्यासारखं होतं, आणि घाम चालूच होता. उष्माघातात अंग कोरडंच पडतं असं नाही, राबताना पडलेल्या माणसाला घाम असू शकतो. बोलणं भरकटलं आणि अंग भाजतंय, एवढं दिसलं तरी पुरे. एकशेआठला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. आधी गार करायचं, मग न्यायचं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथं चालत नाही. चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. आत्याबाईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. म्हैस तापल्यावर काय करतात ते त्यांना ठाऊक होतं, एवढंच त्या म्हणाल्या.

पोरगी तीन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी महिनाभर पळू दिलं नाही, आणि नंतरही हळूहळू. यंदा ती दहा दिवस आधी येणार आहे आणि पहिले चार दिवस पात कापायला बसणार आहे, असं तिनं फोनवर कबूल केलंय. आमच्या टोळीनं काढणीची वेळ साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर अशी ठरवली आहे. मालक आधी कुरकुरले. काम त्याच दिवसांत उरकतं असं दिसल्यावर गप्प झाले.

आई लोहाच्या गोळ्या घेते. पहिल्या आठवड्यात काळी शौचाला झाली म्हणून घाबरून तिनं बंद केल्या होत्या. त्यानं काही होत नाही, गोळीचाच रंग तो. चहाबरोबर मात्र घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. आषाढात तिचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. परवा ती दुधाची किटली घेऊन माझ्या दारावरून गेली, माझ्यापेक्षा झपाझप, आणि थांबायला सांगितलं तर थांबली नाही.